बारा वर्षांनी परत रिकिबीत पाय, तोही मैत्रिणीबरोबर

"परत घोडे सुरू करूया ना" असा मैत्रिणीचा मेसेज आला आणि मी दोन मिनिटांत हो म्हणून मोकळी झाले, रात्री मग डोकं ठिकाणावर आलं की शेवटची मांड टाकली त्याला बारा वर्षं झालीत, मधे दोन बाळंतपणं, कंबर अधूनमधून धरते, वजन तेव्हापेक्षा चौदा किलो जास्त. ती मात्र चार वर्षांपूर्वीपर्यंत नियमित जात होती. पुण्यात जवळपास घोडेस्वारीचे बरेच क्लब आहेत त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता, प्रश्न होता तो आमच्या दोघींमधल्या फरकाचा. आता तीनेक महिने झालेत, ज्यांना असंच जोडीनं परत सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय.

आधी मैत्रिणीशी बोलून घ्या, घोड्याशी नंतर. घोडा कळपातला प्राणी आहे, पुढचा पळाला की मागचा पळतो, पाठीवरच्या माणसाला पळायचंय का हे तो विचारत बसत नाही. म्हणजे तिनं उत्साहात तिचा घोडा सोडला तर तुमचाही सुटणार, आणि तुमची मांड अजून बसलेली नसेल तर तुम्ही खाली. त्यामुळे वेग ठरवणार ती जी जास्त घाबरलेली आहे, हे घरीच ठरवून टाका. आम्ही एक शब्द ठरवलाय, "बास". कुणीही बास म्हटलं की दोघींनी साध्या चालीवर यायचं, का ते खाली उतरल्यावर विचारायचं. मला सुरुवातीला हे म्हणायची लाज वाटायची, तिच्यासमोर कशाला घाबरट दिसायचं म्हणून. मला वाटतं जोडीनं जाण्यातला खरा धोका हाच आहे, एकटं असतो तर इन्स्ट्रक्टरला सरळ सांगितलं असतं की मला आज ट्रॉट, म्हणजे हळू धावणं, नको.

क्लबला फोन कराल तेव्हा "थोडंफार येतं" असं मोघम बोलू नका. किती वर्षांचा गॅप, शेवटी काय काय करत होतात, आत्ताचं वजन, पडल्याचा इतिहास, सगळं सांगा. वजन सांगायला कसंतरी होतं पण खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं असा हिशोब धरतात, म्हणजे चारशे किलोच्या घोड्यावर जास्तीत जास्त ऐंशी, त्यात खोगीरही आलं. पहिला क्लास लंजवर मागा, म्हणजे इन्स्ट्रक्टर मधे उभा राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, तुम्हाला लगामाची काळजी नाही, फक्त बसायचं. पोरकट वाटेल, पण मागाच. आणि माथेरानला घोड्यावर बसलो होतो मागच्या वर्षी, हे धरू नका, तिथे घोडेवाला लगाम हातात धरून पुढे चालत असतो.

सामानात पैसे फक्त हेल्मेटवर घाला. माळ्यावरचं जुनं काढू नका, आतला फोम काही वर्षांनी खराब होतो, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बाद. सायकलचं चालत नाही, घोडेस्वारीचं वेगळं असतं, आत एएसटीएम एफ ११६३ असं स्टँडर्ड छापलेलं बघून घ्या. बूट घोट्याच्या वर जाणारे आणि इंचभर टाच असलेले, कारण सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातात आणि पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. जीन्स नको. मी पहिल्या दिवशी जीन्स घालून गेले आणि मांडीच्या आतल्या शिवणीनं जे सोललं ते चार दिवस पुरलं. ओढणी, स्टोल, मोठी कानातली घरी. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका, लिदीत ते जंतू असतात. मणक्याचं काही दुखणं किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर चढू नका.

जायच्या आधी दोनतीन आठवडे घरी तयारी केली तर बरं पडतं. तळवे जुळवून बसायचं, योगाच्या क्लासमधलं फुलपाखरू तेच, आणि जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या. रिकिबीत हेच करायचंय, चवड्यावर वजन आणि टाच खाली.

आता घोडा. थेट नाकासमोर आणि बरोबर मागे त्याला दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. कान मागे चिकटवले की थांबा. मारवाडी किंवा काठियावाडी असेल तर कानांची टोकं आत वळलेली असतात, त्याला राग समजू नका. आम्ही दोघी अर्धा तास आधी जातो आणि घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार मामांकडून खरारा, म्हणजे घासायचा ब्रश, मागून घेतो, मामा पहिल्यांदा हसले होते, आता स्वतःच हातात देतात. मानेपासून मागे, केसांच्या दिशेनं, पाठीवर जिथे खोगीर येणार तिथे एक काडी, एक गोखरूसुद्धा राहता कामा नये. पंधरा मिनिटं असं घासताना हात थरथरायचे थांबतात, माझे तरी थांबले.

तंगाकडे मात्र स्वतः बघा. पोटाखालचा हा पट्टा आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात, तुम्ही वर बसून दोन चकरा मारल्या की पोट जातं जागेवर आणि पट्टा ढिला. दुसऱ्या क्लासला मी गप्पांच्या नादात परत तपासलाच नाही, वळणावर खोगीर हळूहळू डावीकडे सरकायला लागलं, मला वाटलं मीच वाकडी बसलेय म्हणून मी उजवीकडे झुकतेय, खोगीर तरी सरकतंच आहे, शेवटी आयाळ धरून बास ओरडले आणि वाळूत उतरले, उतरले कसली, ओघळले. लागलं नाही. तेव्हापासून चढायच्या आधी एकदा आणि पाच मिनिटांनी परत एकदा, आणि एकमेकींचा. तंग आणि पोट यांच्यात दोन बोटं जेमतेम जायला हवीत. रिकिबीची लांबी चढायच्या आधीच बघता येते, रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या बकलाशी बोटं टेकवायची, हात ताठ, रिकीब काखेपर्यंत आली की साधारण बरोबर.

चढायला स्टूल घ्या. जमिनीवरून चढायचा हट्ट म्हणजे घोड्याच्या पाठीवर सगळा भार एका बाजूनं. आपल्याकडे क्लबात रेसमधून निवृत्त झालेले घोडे खूप असतात, त्यांना जॉकी चढताना एका जागी उभं राहायची सवय नसते, म्हणून कुणालातरी तोंडाशी धरायला सांगा. आणि यांचं अजून एक, घाबरून लगाम घट्ट ओढून धरला तर ते त्यावर तोंड टेकून अजून जोर करतात. थांबवायचं तर ओढायचं आणि सैल सोडायचं, परत ओढायचं, सोबत मागे टेकून बसायचं.

पहिली वीस मिनिटं फक्त चाल. रिकिबीतून पाय काढून, मग घालून, गोल, थांबा, परत चला. कंटाळवाणं आहे आणि ते तसंच असू द्या. मग ट्रॉट. मराठीत दुडकी. डोक्याला सगळं आठवत असतं, उठ-बस, उठ-बस, घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, पण शरीर अर्धा ठोका उशिरा उठतं आणि आदळतं. इथे तोल सावरायला लगाम धरू नका, त्याच्या तोंडात लोखंड आहे, आयाळ धरा बिनधास्त. श्वास अडकत असेल तर मोठ्यानं आकडे म्हणा, आम्ही दोघी पाढे म्हणतो, तेराच्या पाढ्याला नेहमी घोडं अडतं. पहिला दिवस अर्ध्या तासात संपवा, अजून मजा येत असताना. कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढचा वेग, मी सहाव्या क्लासला केला, मैत्रिणीनं दुसऱ्या, आणि त्या दिवशी माझा घोडा रिंगणाबाहेर धरून ठेवायला सांगितला होता.

बाहेर रस्त्यावर जाल तेव्हा दोघींच्या घोड्यांत एक अख्खा घोडा मावेल इतकं अंतर. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो लाथ मारणारा, त्याच्या मागे जाऊच नका. एक चढत असताना दुसरीनं पुढे निघायचं नाही, चढणारीचा घोडा मागोमाग निघतो आणि ती एका पायावर लंगडी घालत राहते. फोटो खाली उतरल्यावर.

उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढा, मग उतरा, आणि गुडघे वाकवून, कारण जमिनीवर टेकल्यावर पाय आपले नसतात. तंग एकदोन भोकं सैल करून घोड्याला चालवत न्या. दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, जिना उतरताना उलटं उतरावंसं वाटतं, ते जातं.

मैत्रीण आता सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन घोडा घ्यायचं म्हणतेय, दत्तजयंतीला. मी तिला एवढंच सांगितलं की चारशे किलोचा घोडा रोज आठदहा किलो चारा खातो आणि तुझ्या फ्लॅटला एकच पार्किंग आहे. रविवारी साडेसहाची बॅच बुक आहे, तिला नवीन काळी घोडी मिळालीय आणि मला परत तोच म्हातारा लाल, जो प्रत्येक वळणावर सुस्कारा टाकतो.