पॅच आला, ॲडऑन बसले

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचा मोठा पॅच, म्हणजे अपडेट, अमेरिकेत मंगळवारी, युरोपात बुधवारी येतो आणि त्या रात्री निम्मे ॲडऑन, म्हणजे गेमला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, रुसून बसतात. लगेच गेम काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका.

प्रत्येक ॲडऑनच्या टीओसी (.toc) फाइलमध्ये तो गेमच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलाय, तो आकडा असतो, ११.०.२ साठी ११०००२. आकडा जुना असला की गेम ॲडऑन बाद ठरवतो. कॅरेक्टर निवडायच्या पडद्यावर ॲडऑनच्या यादीत ‘लोड आउट ऑफ डेट ॲडऑन्स’वर टिक करा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. पण टिक म्हणजे फक्त आकड्याकडे काणाडोळा. ॲडऑन वापरतो ते गेममधलं फंक्शनच पॅचमध्ये उडालं असेल, तर ॲडऑनच्या लेखकानं नवी आवृत्ती काढेपर्यंत थांबणं आलं. तो बिचारा बहुधा नोकरी सांभाळून फुकटात हे करतो, तेव्हा तगादा नको.

एरर येतेय पण चोर ॲडऑन सापडत नाही? सगळे बंद करा, निम्मे चालू करा, इंटरफेस रीलोड करा. एरर आली तर चोर याच निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. चाळीस ॲडऑन असले तरी पाच-सहा फेऱ्यांत सापडतो.

पॅचच्या आदल्या दिवशी गेमच्या डब्ल्यूटीएफ (WTF) फोल्डरची कॉपी मात्र काढून ठेवाच. नाव कसंही असो, ॲडऑनची तुमची सेटिंग्ज तिथंच असतात. ॲडऑन परत मिळतो. महिनाभर खपून जागच्या जागी बसवलेली बटणं परत मांडताना जीव जातो.