पेंढ्याच्या जाळावरची मरळ: व्हिएतनामची ‘का लोक नुओंग ट्रुई’

दक्षिण व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात भातकापणीनंतर शेतातच मासा भाजतात. ‘का लोक’ म्हणजे आपल्या नद्या-तळ्यांतली मरळच. भाजताना मसाला नाही, तेल नाही, खवलेही काढत नाहीत. सगळं जाळावर अवलंबून.

मासा ७०० ग्रॅम ते १ किलोचा, जिवंत किंवा अगदी ताजा घ्या. त्याहून मोठा बाहेरून जळतो आणि काट्याजवळ कच्चा राहतो. मीठ चोळून बुळबुळीतपणा घालवा, धुऊन कोरडा पुसा. ओल्या बांबूची करंगळीएवढी जाड, दीड हात लांब काठी तोंडातून शेपटीपर्यंत कण्याला धरून सरकवा. वाळकी काठी मधेच जळून मोडते. काठी पोटात घुसली तर पित्त फुटतं आणि मांस कडू होतं. पारंपरिक पद्धतीत पोट फाडत नाहीत, पण ही धास्ती असेल तर आतडी काढून पोटात गवती चहा भरा.

मोकळ्या जागेत, वाऱ्याच्या आडोशाला काठी जमिनीत रोवा. डोकं खाली, शेपटी वर. डोक्याकडचा जाड भाग निखाऱ्यात राहावा म्हणून. खडखडीत वाळलेला पेंढा चोहोबाजूंनी वीतभर थराने रचून पेटवा. पेंढा दमट असेल तर नुसता धूर होतो आणि मासा धुरकट लागतो. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातला तर घेऊच नका. जाळ झपाट्याने बसतो, तेव्हा थोडा थोडा पेंढा टाकत १० ते १५ मिनिटं धग टिकवा, मग ५ मिनिटं गरम राखेत राहू द्या. जवळ बादलीभर पाणी हवंच.

मानेजवळच्या जाड भागात काडी खुपसून पाहा. मांस काट्यापासून सुटलं तरच शिजलं. इथे घाई नको: अर्धकच्च्या मरळीतून नॅथोस्टोमा नावाच्या कृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात जातात.

वरचा कोळसा पेंढ्याच्या जुडीने किंवा सुरीने खरवडून काढा, पाठीवर चीर देऊन मासा उघडा. आत पांढरंशुभ्र, रसाळ मांस. आता ४ चमचे कडकडीत तेल मूठभर चिरलेल्या कांद्याच्या पातीवर ओतून ते माशावर घाला, वर भरडलेले भाजके दाणे.

चटणीसाठी चिंचेचा कोळ, फिश सॉस आणि साखर प्रत्येकी २ चमचे, ३ चमचे कोमट पाणी, ठेचलेला लसूण, मिरची. जाणकार मात्र आंबवलेल्या माशांचं उग्र ‘माम नेम’ अननस घालून घेतात. वास जड असतो, पण या माशाला तेच शोभतं.

हा मासा गुंडाळून खातात. तांदळाचा कागदासारखा पातळ पापड, ‘बान ट्रांग’, पाण्याचा हात फिरवून मऊ करा. बुडवून ठेवलात तर लगदा होतो. त्यावर सॅलडचं पान, पुदिना, तांदळाच्या थोड्या शेवया, काकडी, कमरखाची चकती, कच्च्या केळ्याचा काप (काळा पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवलेला) आणि शेवटी मासा. याच त्रिभुज प्रदेशातल्या डोंग थाप प्रांतात कोवळ्या कमळपानातही गुंडाळतात. गुंडाळी दोन बोटांएवढीच ठेवा. जास्त भरली की चटणीत बुडवतानाच सुटते.