मॉर्डेनाइटची भट्टी: निधान!

आमच्या प्रयोगशाळेतल्या मफल भट्टीच्या (विजेवर चालणाऱ्या बंद भट्टीच्या) दारावर खडूनं एकच शब्द लिहिलाय: निधान. कन्नड बोलणारी पोरं तो 'हळू' असा वाचतात, मराठी बोलणारी 'खजिना' असा. मला दोन्ही चालतं. बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टला झिओलाइट, म्हणजे आत अतिबारीक वाटा असलेलं खनिज, मागितलं की मी मॉर्डेनाइट देतो, आणि प्रोजेक्ट नासतो तो बहुतेक वेळा याच दारात.

आधी हे आतून कसं आहे ते डोळ्यापुढं आणा. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात सरळ लांब गल्ल्या आहेत, सुमारे ०.६५ बाय ०.७० नॅनोमीटर तोंडाच्या. गल्लीच्या भिंतीत बारक्या देवळ्या. बेंझिनचा रेणू गल्लीतून निघून जातो, देवळीत त्याला शिरता येत नाही. आणि एका गल्लीतून शेजारच्या गल्लीत जायला मोठ्या रेणूला बोळ नाही. गणपतीच्या दिवसांत आमच्या गणपत गल्लीत एक हातगाडी आडवी झाली की मागची सगळी गर्दी तुंबते ना, तेच इथं होतं. मॉर्डेनाइटचे गुण आणि खोड्या दोन्ही या एकेरी वाटेतून येतात.

सिलिकॉनचं अॅल्युमिनियमशी प्रमाण साधारण पाचास एक, म्हणून आम्ल आणि उष्णता दोन्ही ते बऱ्यापैकी सोसतं. नाव पडलं १८६४ साली, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या मॉर्डेन गावावरून.

निपाणीकडचा एक पोरगा एकदा काकांच्या विहिरीतल्या काळ्या दगडाचा तुकडा घेऊन आला. पोकळीत कापसासारखं पांढरं. "सर, हेच की!" नैसर्गिक मॉर्डेनाइट असं कापसासारखं दिसतं खरं, पुण्या-नाशिककडच्या बसाल्टात ते सापडतंही. पण एरिओनाइट नावाचं दुसरं तंतुमय झिओलाइटही अशाच खडकांत असतं आणि ते श्वासातून गेलं तर कॅन्सर होऊ शकतो. नुसत्या डोळ्यांनी दोघांतला फरक कळत नाही. त्यामुळं खाणीतला कापूस कुटायचा नाही. कृत्रिम सोडियम-मॉर्डेनाइटची पावडर विकत घ्या, आणि तीही मास्क लावूनच हाताळा.

मॉर्डेनाइट आपल्याला हवं ते आम्ल उत्प्रेरक म्हणून, म्हणजे क्रियेचा वेग वाढवायला; सोडियम रूपात त्याच्याकडून हे आम्लाचं काम होत नाही. सोडियम काढून तिथं हायड्रोजन बसवायचा, तोही सरळ नाही, अमोनियमच्या वळशानं. बरेच जण अमोनियम नायट्रेट वापरतात. मी वापरत नाही, स्फोटकाच्या जातीची वस्तू आणि परवान्याची कटकट. अमोनियम क्लोराइड घ्या, म्हणजे आपला नवसागर. मात्र कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा. लिटरला ५३.५ ग्रॅम, म्हणजे एक मोलर द्रावण. दहा ग्रॅम पावडरीला शंभर मिली. हिशेब सांगतो: दहा ग्रॅम, हवेतलं पाणी धरलेल्या मॉर्डेनाइटमध्ये सुमारे २३ मिलिमोल सोडियम असतो आणि शंभर मिलीत अमोनियम शंभर मिलिमोल, म्हणजे चौपटीहून जास्त. तरी एका पाण्यात सगळा सोडियम निघत नाही. ८० अंशाला दोन तास ढवळा, गाळा, नवं द्रावण घाला, असं तीनदा. माती तपासणीसाठी बहुतेक कॉलेजांत फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणारं यंत्र) असतोच, त्यावर गाळलेलं पाणी लावून बघा. तिसऱ्या वेळी सोडियम जवळजवळ दिसायला नको. मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचं, सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबानं पांढरं येणं थांबेपर्यंत. नळाच्या पाण्यानं धुतलंत तर त्यातला कॅल्शियम जाऊन बसेल आणि दिवस वाया.

आता भट्टी. रात्रभर ११० अंशाला ओव्हनमध्ये वाळवलेली पावडर चिनी मातीच्या पसरट बशीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता पसरा. पहिल्या वर्षी मी क्रुसिबल, म्हणजे उभी मूस, गळ्यापर्यंत भरून, ओलसर पावडर, थेट ५५० वर लावली होती. घाई होती, खानापूरची बस गाठायची होती. तळातली वाफ वर निघायला वाट नव्हती. त्या वाफेनं सांगाड्यातला अॅल्युमिनियमच बाहेर काढला. दिसायला पावडर छान पांढरी, काम मात्र शून्याजवळ. आम्लपण अॅल्युमिनियमच्या जागेवर असतं, तोच गेला तर उरणार काय?

म्हणून १२० अंशावर दोन तास थांबा, मग मिनिटाला एक अंश. प्रोग्रॅमवाला कंट्रोलर नसेल तर दर पन्नास मिनिटांनी काटा पन्नास अंशांनी पुढं सरकवा. सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळी सातच्या सुमाराला ५०० येतात. तिथं चार तास. रात्री कुणीतरी थांबावं लागतं, त्याची सोय आधीच करा. वाटेत अमोनियममधला अमोनिया सुटतो आणि हायड्रोजन मागं उरतो, म्हणून एक्झॉस्ट चालू पाहिजे. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. आली की आहे त्या तापमानापासून त्याच चालीनं पुढं न्या.

भट्टी जमली की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. एक ग्रॅम कोरडी पावडर पन्नास मिली मिठाच्या एक मोलर द्रावणात रात्रभर हलवा, गाळा, गाळलेल्यातलं आम्ल ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून मोजा. कागदावरचा हिशेब २७-२८ मिलीचा; प्रत्यक्षात कमीच लागतं, पण दोन घाण्यांची तुलना यावर नीट होते. माझ्या त्या फसलेल्या क्रुसिबलला चांगल्या घाण्याच्या निम्मंही लागलं नव्हतं.

मग प्रयोग, आयसोअमाइल अॅसेटेट करण्याचा. अॅसेटिक आम्ल ६ ग्रॅम, आयसोअमाइल अल्कोहोल १७.६ ग्रॅम, एक ग्रॅम उत्प्रेरक, रिफ्लक्स (वाफ गार होऊन परत फ्लास्कात पडेल असं उकळणं). अर्ध्या-अर्ध्या तासानं एक मिली काढून गार अल्कोहोलात टाका, पावडर खाली बसू द्या, उरलेलं आम्ल फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकावर मोजा. सुरुवातीला ०.१ नॉर्मल कॉस्टिक ३६ मिलीच्या आसपास लागेल, मग उतरत जाईल. केळ्याचा वास सुटतो, शेजारच्या बॉटनीच्या मॅडम दरवर्षी विचारतात, "केळी कोण आणली हो?" उत्प्रेरकाशिवायचा एक फ्लास्क शेजारी लावाच, कारण अॅसेटिक आम्ल स्वतःच थोडं काम करतं. तो फ्लास्क नसेल तर मी रिपोर्टवर सही करत नाही.

कारखान्यात हेच मॉर्डेनाइट प्लॅटिनम घेऊन २५० अंशांच्या आसपास सरळ पेंटेनला फाटा फोडतं: पेट्रोलचा दर्जा सांगणारा ऑक्टेन आकडा ६२ वरून ९२. टोल्युइनपासून झायलिन करायलाही ते वापरतात. आणि देवळ्या रिकामटेकड्या नाहीत बरं का. डायमिथिल ईथर आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून मिथिल अॅसेटेट होतं ते मुख्यतः तिथंच. गल्लीत न होणारं काम देवळीत होतं, हे मला अजून गमतीचं वाटतं.

तापत्या हायड्रोकार्बनवर मात्र गल्लीच्या तोंडाशी काजळी साचते आणि आतली जागा धडधाकट असून बंद पडते. प्लॅटिनम हायड्रोजनच्या सोबतीनं ही काजळी बरीच रोखतं. नाहीतर हवेत ५०० अंशाला जाळून काढायची, पुन्हा त्याच मिनिटाला एक अंशाच्या चालीनं, कारण काजळी जळताना स्वतःची उष्णता सोडते आणि पाणीही. काळी पावडर राखाडी, मग पांढरी होते. गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, बाटलीवर तारीख आणि भट्टीची चाल लिहा. "एच-मॉर्डेनाइट" (एच म्हणजे हायड्रोजन) एवढंच लिहिलेल्या चार बाटल्या माझ्या कपाटात आहेत, त्यातली क्रुसिबलवाली कोणती ते पुन्हा मिठाच्या पाण्यात हलवूनच शोधावं लागणार आहे.