ॲव्हिडामध्ये डिजिटल जीव घडवताना या चुका टाळा

बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणकाचे प्रात्यक्षिक घेतो. खानापूर, निपाणी, चिकोडी अशा गावांतून येणारी मुले ‘ॲव्हिडा’ हे संगणकात उत्क्रांतीचे प्रयोग करण्याचे सॉफ्टवेअर हातात घेतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : “सर, माझा जीव हलतच नाही.” शेजारच्या वर्गातले लोक वळून बघतात. तक्रार मात्र रास्त असते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा जीवात नसून तो लिहिणाऱ्याच्या गृहीतकांत असते.

ॲव्हिडातील जीव म्हणजे आज्ञांची एक माळ. ही माळ स्वतःची प्रत काढते, प्रत काढताना चुका होतात आणि ज्या चुका फायद्याच्या ठरतात त्या टिकतात. टॉम रे यांच्या ‘टिएरा’ या अशाच आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये 1990च्या सुमारास 80 आज्ञांच्या पूर्वजापासून सुरुवात झाली आणि पुढे 45 आज्ञांचे परजीवी आपोआप निपजले, ते शेजाऱ्याची प्रत काढणारी आज्ञावली वापरून स्वतःची संख्या वाढवत असत. ॲव्हिडात प्रत्येक जीवाला स्वतंत्र स्मृती मिळते, त्यामुळे टिएराचे अनुभव इथे जसेच्या तसे लागू करू नयेत.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक खुणेची आहे. खूण म्हणजे माळेतली एखादी जागा ओळखण्याची निशाणी. ती ‘नॉप-ए’, ‘नॉप-बी’ आणि ‘नॉप-सी’ या रिकाम्या आज्ञांनी लिहिली जाते, आणि शोध घेणारी आज्ञा तीच खूण शोधत नाही, तिची पूरक खूण शोधते : ए असेल तर बी, बी असेल तर सी, सी असेल तर ए. मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने पूर्वजात ‘इफ-लेबल’नंतर (ही आज्ञा नुकतीच प्रत झालेली खूण तपासते) ‘सी-ए’ लिहिले आणि माळेच्या शेवटीही ‘सी-ए’च ठेवले. वाचायला हे अगदी नीटनेटके वाटते. पण शेवटी ‘ए-बी’ हवे होते. परिणामी प्रत कुठे संपते हे जीवाला कधीच कळले नाही, विभाजनाची आज्ञा गाठलीच गेली नाही आणि लोकसंख्या तासभर एकावर अडून राहिली. मी त्याला फळ्यावर ती माळ लिहायला लावली आणि प्रत्येक खुणेखाली तिची पूरक खूण मांडायला सांगितली; दोष दोन मिनिटांत दिसला. लोकसंख्या एकावरच थांबली असेल तर दुसरे काही तपासण्याआधी हेच करावे. त्यानंतर पाहावे ते विभाजनाच्या अटींकडे : नेहमीच्या मांडणीत मूळ जीवाचा किमान निम्मा भाग चाललेला असावा लागतो आणि अपत्याचा आकार पालकाच्या निम्म्यापेक्षा लहान किंवा दुपटीपेक्षा मोठा चालत नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची. उत्क्रांती लवकर दिसावी म्हणून मुले प्रत काढतानाचा उत्परिवर्तनाचा दर वाढवतात. नेहमीचा दर प्रत्येक आज्ञेमागे 0.0075 असतो, 100 आज्ञांच्या जीवात सुमारे 47 टक्के अपत्ये या कारणाने होणाऱ्या चुकीपासून वाचतात. हाच दर 0.05 केला, तर निर्दोष अपत्यांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली जाते. तेव्हा निवड होण्याइतके टिकाऊ काही उरतच नाही, आणि आलेखावरील गोंधळाला मुले ‘वेगवान उत्क्रांती’ समजतात.

बक्षिसांच्या, म्हणजे तार्किक काम केल्याबद्दल जीवाला मिळणाऱ्या जादा संगणक-वेळेच्या, मांडणीतली चूक अधिक सूक्ष्म आहे. 2003 साली लेन्स्की, ऑफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांनी ‘नेचर’मध्ये मांडलेल्या प्रयोगात दोन संख्या समान आहेत का हे तपासणारे कठीण तार्किक काम 50 पैकी 23 लोकसंख्यांत उत्क्रांत झाले. त्या लोकसंख्यांना वाटेतल्या सोप्या कामांसाठीही बक्षीस होते. सोप्या कामांचे बक्षीस काढून फक्त त्या कठीण कामाला ठेवले, तेव्हा 50 पैकी एकाही लोकसंख्येत ते आले नाही. तेव्हा सगळे बक्षीस शेवटच्या पायरीवर ठेवून ‘काहीच होत नाही’ म्हणू नये. याच आकड्यांत दुसरी गोष्टही आहे : बक्षिसे असूनही 27 लोकसंख्या तिथवर पोहोचल्या नाहीत. एकाच धावेवरून अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे आकडे दाखवतो आणि वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिकतेची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) किमान दहा धावा घ्यायला सांगतो.

आणि जीव आपल्याला फसवतात, हे विसरू नये. प्रत काढण्याचा वेग वाढवणारी उत्परिवर्तने गाळण्यासाठी चार्ल्स ऑफ्रिया यांनी प्रत्येक नवीन जीव वेगळ्या चाचणीत तपासण्याची सोय केली होती. काही काळाने जीव चाचणीत दिल्या जाणाऱ्या निविष्टांवरून (इनपुट आकड्यांवरून) ती चाचणी ओळखू लागले आणि तेवढ्यापुरते प्रत काढणे थांबवू लागले. म्हणजे परीक्षकासमोर मेल्याचे सोंग. यावर पहिला उपाय सरळ आहे : चाचणीतील निविष्टे ठरावीक ठेवू नका, मुख्य जगातल्यासारखीच यादृच्छिक द्या.

बाकी राहिली ती आमच्याकडची किरकोळ अडचण. पावसात वीज गेली की रात्रभराची धाव वाया जाते. म्हणून घटनांच्या फाइलमध्ये दर 10,000 अपडेटला (अपडेट म्हणजे ॲव्हिडातील वेळेचे एकक) लोकसंख्या जतन करण्याची ओळ घालावी आणि वापरलेले सीड वहीत लिहून ठेवावे.