ऑइल जातंय कुठे? माझा अनुभव

माझ्या गाडीचं दर हजार किलोमीटरमागे जवळपास १ लिटर इंजिन ऑइल कमी होत होतं. गाडीखाली मात्र एक थेंबही नाही, आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) स्वच्छ, म्हणजे ऑइल त्यातही जात नव्हतं. म्हणजे ऑइल जळतच होतं. मेकॅनिकने न तपासताच रिंगा (पिस्टनभोवतीची कडी, जी ऑइल वर जाऊ देत नाहीत) गेल्याचं सांगितलं आणि इंजिन उघडायला निघाला. मी थांबवलं.

आठवडाभर धुराकडे नीट लक्ष दिलं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की निळा धूर (ऑइल जळल्याची खूण), थोड्या वेळाने बंद. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून नंतर दाबला की पुन्हा तसाच. चढावर जोर देताना मात्र काहीच नाही. रिंगा झिजल्या असत्या तर तिथेच जास्त दिसला असता. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू पुन्हा जळायला पाठवणारी झडप) बदलला, कारण तो स्वस्त असतो आणि अडकला तरी ऑइल ओढलं जातं. फरक पडला नाही. मग कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं: चारही सिलिंडर जवळपास सारखे, थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजलं तरी आकडा फारसा वाढला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून तो वाढला असता. रिंगा शाबूत!

दोष व्हॉल्व्ह सीलचा होता. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती बसून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारं हे रबर कडक झालं होतं. व्हॉल्व्ह आत पडू नयेत म्हणून सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून, हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा भाग) न उतरवता सील बदलले. त्यानंतर ३००० किलोमीटर झाले, डिपस्टिकवरची पातळी जेमतेम हलली आहे. मोजताना गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायला हवं.