टँडम ठेवून सुट्या सायकली घेताना सामान निम्मं-निम्मं वाटू नका

सांगलीहून पलूसमार्गे कराड आणि तिथून सातारा, एवढ्या सपाटीला टँडम, म्हणजे दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची एकच सायकल, उत्तम. जोर दोघांचा लागतो आणि वारा पुढच्या एकट्यालाच कापावा लागतो. पण साताऱ्यापुढे पसरणी किंवा केळघर घाट चढून महाबळेश्वर गाठायचं आणि आंबेनळीतून पोलादपूरला उतरायचं असेल, तर टँडम साताऱ्यातच ठेवून सुट्या सायकली घ्याव्यात. चढावर टँडम रेंगाळते. उतारावर दोन माणसं आणि सगळं सामान फक्त दोन चाकांवर थोपवावं लागतं.

टँडम ओळखीच्या घरी, छपराखाली ठेवा. ती जवळजवळ आठ फूट लांब असते, त्यामुळे एसटी किंवा रेल्वेने परत न्यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा, नाहीतर सरळ छोटा टेम्पो सांगा.

सीट आणि पॅडल टँडमवरचीच काढून सुट्या सायकलींना लावा. शरीर त्यांना सरावलेलं असतं, मधल्या मुक्कामावर नवी सीट म्हणजे मांड्या सोलून घेणं. सीटची उंची क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा) ज्या मध्यावर फिरतो तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. टँडमच्या मागच्या सीटला स्प्रिंगचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) असेल तर बसल्यावर तो खाली दबतो. तेवढं माप नव्या सायकलीवर कमी करा. पॅडलसाठी १५ मिमीचा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावला की क्रँक कामातून जातो. आट्यांना ग्रीस लावूनच पॅडल बसवा.

मागे बसणाऱ्याला हँडलवर भार द्यायची सवय नसते. त्याच्या सायकलीला सरळ हँडल आणि ७०-८० मिमीचा आखूड स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) असू द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी तळहाताला मुंग्या येतात आणि मान धरते.

दोन्ही सायकलींच्या चाकांचं माप आणि वॉल्व्हचा प्रकार एकच हवा, म्हणजे कुणाचीही ट्यूब कुणालाही चालते. टँडमवर ३२ मिमी टायरमध्ये ८५-९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरत असाल तर इथे ५५-६५ पुरे. सवयीने जुनाच आकडा भरला तर खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. गिअरमध्ये पुढे २६ आणि मागे ३४ दात ही जोडी असावीच. पुढची सर्वांत लहान चकती ३४ ची असेल, तर सामानासह घाट चढताना गुडघ्यांची वाट लागते.

आता खरा अवघड भाग. टँडमवर दोघांच्या ताकदीतला फरक दिसत नाही. सुट्या सायकलींवर तो पहिल्याच घाटात उघडा पडतो आणि बहुतेक जोड्या तिथेच वैतागतात. ‘सामान सारखं वाटून घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे.

हिशोब करून पाहा. चढावरचा वेग ठरतो तो पायातला जोर भागिले एकूण वजन यावर. समजा एक जण ७५ किलोचा आहे आणि दिवसभर १८० वॅट देऊ शकतो. दुसरा ५५ किलोचा आहे आणि ११० वॅट देतो. दोन्ही सायकली १५-१५ किलोच्या आणि सामान एकूण २४ किलो. सामान १२-१२ वाटलं तर पहिल्याला किलोमागे १.७६ वॅट मिळतात, दुसऱ्याला १.३४. म्हणजे वाई ते पाचगणी हा पसरणी घाट पहिल्याने सव्वा तासात चढला, तर दुसरा तेवीस-चोवीस मिनिटं मागे राहतो. वर पोचलेला घामाने ओला होऊन वाऱ्यात थंडी खातो. खालचा मागे पडल्याच्या धास्तीने दम न घेता रेटतो आणि दुपारी त्याचे पाय सुटतात.

तेच सामान २० आणि ४ किलो असं वाटा. पहिल्याचा आकडा १.६४ वर येतो, दुसऱ्याचा १.४९ वर. फरक आठ-नऊ मिनिटांवर येतो आणि तेवढा सोसता येतो. अख्खे २४ किलो पहिल्याने घेतले तर कागदावर दोघे जवळजवळ सारखे होतात, पण ते करू नका. दोघांत अंतर पडल्यावर मागच्याकडे पाणी, रेनकोट, ट्यूब, पंप, पंक्चर किट, फोन आणि थोडे पैसे असायलाच हवेत. टँडमवर या सगळ्याचा एकच संच चालत होता, आता दोन लागतात. नवा खर्च होतो तो इथे, आणि तो टाळायचा नाही.

वीस किलो सगळे मागच्या कॅरियरवर लादले तर चढावर पुढचं चाक हलकं पडून हँडल भिरभिरतं आणि उतारावर चाळिशीच्या वेगात सायकल थरथरू लागते. मागे १२, आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली ४-४ किलो अशी मांडणी ठेवा. पुढे कॅरियर नसेल तर मागे १५ वर जाऊ नका, उरलेलं सामान घरी पाठवून द्या. कुणाचा अभिमान दुखावतो म्हणून हलक्याने दोन किलो जास्त घेणं, हेही नको. सपाटीवर सामानाचा एवढा परिणाम होत नाही, तिथे वारा मोजायचा असतो. म्हणून सपाटीला ताकदवान पुढे आणि दुसरा त्याच्या चाकामागे दीड-दोन मीटरवर. चढ लागला की क्रम उलटा करा. हलका पुढे जाऊन वेग ठरवेल आणि मागच्याने तो मुकाट पाळायचा. तासाला सहा किलोमीटर हा घाटात काही लाजिरवाणा वेग नाही.

दुसरा धोका ब्रेकचा, आणि तो अनुभवी माणसालाच जास्त असतो. टँडम लांब असल्यामुळे पुढचा ब्रेक कितीही दाबला तरी मागचं चाक सहसा उचललं जात नाही. सुट्या सायकलीवर ते उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. वर्षानुवर्षं टँडमचं हँडल धरणाऱ्याच्या बोटांना हे ठाऊक नसतं. मागे बसणाऱ्याने तर ब्रेक धरलेलाच नसतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींवर उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, बाहेरून आणलेल्या टँडमवर तो उलटा असू शकतो. निघायच्या आधी दोन्ही सायकली तपासा आणि फरक असेल तर दोन्ही ब्रेकच्या केबलची अदलाबदल करून घ्या.

सराव सामानासकट, दोन दिवस. पहिला दिवस साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला द्या. मागे बसणाऱ्याने इथे एका हाताने सायकल चालवणं, चालता चालता पाणी पिणं, हाताने इशारा करणं आणि सायकल न वळवता उजव्या खांद्यावरून मागे पाहणं शिकायचं. हे शेवटचं जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली डुलत असते, आणि मागे वळून पाहताना सायकल हातभर उजवीकडे गेली तर सावरायला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून उतरा. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर बदलायचा, पायावर ताण आल्यावर नाही. चढावर थांबलात तर हलका गिअर, दोन्ही ब्रेक दाबलेले, डावा पाय जमिनीवर, उजवं पॅडल वर आणि जरा पुढे, अशी पुन्हा सुरुवात करा.

आंबेनळीत महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर उतार आहे. ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट धरून वेग पाडा आणि मग पूर्ण सोडा. इथे ज्याचा हात कमी बसलाय तो पुढे राहील. मागे ठेवलं तर तो पुढच्याला गाठायच्या नादात झेपत नाही तेवढ्या वेगाने वळणात शिरतो. दोघांत किमान ३० मीटर अंतर हवं, भारी सायकलीला थांबायला जास्त जागा लागते. दर पाच-सहा किलोमीटरला, रस्त्याच्या बाहेर जागा पाहून, थांबून बोटं मोकळी करा.

वॉल्व्ह बारीक असतील तर पितळी अडॅप्टर दोघांच्याही किटमध्ये टाका, म्हणजे मोटरसायकलच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.