मठात यायचं म्हणताय? आधी घंटेचं ऐका

चौकशीला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न हमखास मौनाचा: दिवसभर न बोलता राहवतं का? राहवतं. मौन हळूहळू अंगवळणी पडतं. कस लागतो तो घंटेपाशी. घंटा झाली की हातातलं काम तिथंच सोडून चॅपलकडे निघायचं, मग शिवण असो की अर्ध्यावर आलेलं पत्र. ‘एवढं संपवून येते’ चालत नाही. कामसू मुलींना हेच सगळ्यात जड जातं.

आमचा मठ कार्मेल या कॅथलिक संन्यासी परंपरेतला. संत तेरेसांनी १५६२ मध्ये स्पेनमधल्या आव्हिला इथं सुधारित मठ सुरू केला, त्याची घडी अजून टिकून आहे: सकाळ-संध्याकाळ एकेक तास मूक प्रार्थना, शिवाय मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, आणि ठरल्या वेळच्या समूहप्रार्थना. स्तोत्रांचं चक्र चार आठवड्यांचं. आपण खुशीत असताना नेमकं विलापाचं स्तोत्र वाट्याला येतं. तेही मनापासून म्हणायचं, कारण ते आपल्या एकटीसाठी नसतंच.

पोटापाण्यासाठी काम करावंच लागतं. बऱ्याच मठांत मिस्सेच्या होस्तिया, म्हणजे भाकरीच्या पातळ चकत्या, बनवतात. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. नक्षीच्या तापलेल्या तव्यांत पातळ पत्रे भाजून निघतात, पण लगेच कापले तर त्यांचा चुरा होतो. म्हणून ते आधी दमट जागी ठेवून मऊ पडू द्यायचे. नवखीला तिथं धीर शिकवावा लागत नाही, पत्रेच शिकवतात.

तेरेसांनी जेवणानंतर गप्पांचा वेळही ठरवून दिला. माझ्या मते मठाची खरी परीक्षा तिथं होते. त्याच मोजक्या बहिणी, तेच किस्से, तीच एक सिस्टर मोठ्यानं हसणारी, आणि हे सगळं जन्मभर. एकांत हवा म्हणून येणारीला ही सोबत अनपेक्षित असते.

घाई कुणी करत नाही. रोमच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी किमान वर्षभर चाचपणी, मग किमान वर्षभर पूर्वतयारी, २ वर्षं नोव्हिशिएट (व्रतं घेण्याआधीचा शिकण्याचा काळ) आणि किमान ५ वर्षं तात्पुरती व्रतं. म्हणजे कायमच्या व्रतांआधी निदान ९ वर्षं. अधूनमधून कुणी परत जाते, त्यात कमीपणा नाही. चाचपणीच्या काळात मठात राहायला याल, तेव्हा चॅपलमधल्या शांततेवर भाळण्याआधी गप्पांच्या वेळी बसून बघा, आणि तिथं म्हाताऱ्या सिस्टरांशी बाकीच्या कशा बोलतात तेही ऐका.